आपलं अस्वल चिडकं का?

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि सांगलीकर श्रोतेहो,

आत येताना दाराजवळचा फलक तुम्ही वाचला असेल. 'अस्वल : शरीर, निवास आणि वर्तन' असा विषय, खाली माझं नाव, आणि वर एक भलंदांडगं तपकिरी अस्वल धबधब्यात उभं आहे, तोंडात मासा. चित्र झकास आहे. फक्त ते अस्वल अलास्कातलं आहे, मासा सॅमन आहे, आणि आज मी ज्या प्राण्याबद्दल बोलणार आहे त्याचा या दोघांशी काही संबंध नाही. मी संयोजकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "सर, नेटवर अस्वल टाकलं की हेच येतं."

माझी आयुष्यभराची तक्रार नेमकी हीच आहे. हेच येतं! पोरांच्या पुस्तकात हेच, वाढदिवसाच्या केकवर हेच, दुकानात कापूस भरून टांगलेलं असतं तेही हेच. सांगलीतल्या कितीतरी घरांत पोरं अस्वल कुशीत घेऊन झोपतात आणि त्यातलं एकही देशी नसतं. (हशा) हसताय, पण देशी गाईसाठी आपण भांडतो, देशी वाणाच्या ज्वारीसाठी भांडतो. देशी अस्वलासाठी कुणी निवेदनसुद्धा दिलेलं नाही. इथून गाडी काढली आणि शिराळ्याच्या पुढं गेलात, की चांदोलीच्या रानात ते राहतं. आपल्या जिल्ह्याचं रहिवासी आहे. आणि त्याच्याबद्दल विचारलं तर आपण सांगतो, बर्फात राहतं, हिवाळाभर झोपतं, मासे खातं. तिन्ही उत्तरं चूक, आत्मविश्वास मात्र पैकीच्या पैकी.

तेव्हा मला आज सांगायचं ते एवढंच, की आपलं अस्वल बाकीच्या अस्वलांहून वेगळं का दिसतं आणि इतकं चिडकं का आहे. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दोन प्राण्यांकडं आहेत. एक वाळवी आणि दुसरा वाघ. तिथं आपण येऊच. आधी ओळखपरेड उरकून घेऊ.

जगात अस्वलाच्या जाती आठ. उत्तर ध्रुवाकडचं पांढरं, जे खरं म्हणजे पांढरं नाहीच. केस पारदर्शक आणि त्याखालची कातडी काळी. तपकिरी, म्हणजे आपलं फलकावरचं. अमेरिकेचं काळं. हिमालयातलं काळं, त्याच्या छातीवर चंद्रकोर. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातलं चष्मेवालं. आग्नेय आशियातलं सूर्य-अस्वल, सगळ्यांत लहान, फार तर साठ-पासष्ट किलो, पण जीभ वीतभर. पांडा, ज्याचं आतडं मांसाहाऱ्याचं आणि ताटात मात्र दिवसभर बांबू. आणि आठवं आपलं. यातली चार भारतात आहेत. हिमालयात काळं आणि तपकिरी, ईशान्येकडं सूर्य-अस्वल, आणि हिमालयाच्या पायथ्यापासून खाली दक्षिणेपर्यंत, पुढं समुद्र ओलांडून श्रीलंकेतही, आपलं काळं केसाळ. सगळी अस्वलं टाच टेकून चालतात. ओल्या मातीत मागच्या पायाचा ठसा पाहिला तर अनवाणी माणूस गेला असं क्षणभर वाटतं. मग पुढं नखांच्या खुणा दिसतात आणि आपण मागं वळतो. नजर बेताची, नाक मात्र जबरदस्त.

आता त्या हिवाळाभर झोपण्याबद्दल. मिरजेहून काही डॉक्टर मंडळी आलेली दिसतात, म्हणून हे सांगायचा मोह आवरत नाही. थंड देशातलं अस्वल गुहेत शिरतं आणि पाच-सहा महिने खाणं नाही, पिणं नाही, लघवी नाही, शौच नाही. तुम्ही-आम्ही असं केलं तर आठवड्याच्या आत तुमच्याच दवाखान्यात भरती. या प्राण्याचं शरीर मूत्रातून बाहेर जाणारा युरिया परत कामाला लावतं आणि त्यातल्या नायट्रोजनपासून पुन्हा प्रथिनं बनवतं. हृदयाचे ठोके मिनिटाला आठ-दहापर्यंत उतरतात. शरीराचं तापमान मात्र चार-सहा अंशच खाली येतं, त्यामुळं कुणी डिवचलं तर जाग येऊ शकते. इतके महिने पडून राहून स्नायू गळत नाहीत, हाडं ठिसूळ होत नाहीत. आणि या उपासातच मादी पिल्लं जन्माला घालते, त्यांना दूध पाजते. किडनीवाले आणि हाडवाले दोघंही या झोपेच्या मागे आहेत. अजून गोळी निघालेली नाही, तेव्हा रात्री मला फोन करू नये.

पण हे सगळं आपल्या अस्वलाला लागू नाही. ते शीतनिद्रा घेतच नाही. अस्वलाची शीतनिद्रा ही थंडीपेक्षा उपासमारीची सोय आहे. खायला काही मिळत नाही, तर हिंडून चरबी कशाला जाळायची? आपल्याकडं बोरं संपली की उंबर, उंबर संपलं की आंबा-करवंद, मग जांभूळ, आणि वाळवी बाराही महिने. ज्याच्या घरात बारमाही जेवण आहे तो झोपेल कशाला?

बरं, या परदेशी अस्वलानं आपल्या डोक्यात घर केलं कधी? नेटच्या कितीतरी आधी. मराठी माणसाच्या डोक्यात पहिलं अस्वल सोडलं ते इसापानं. दोन मित्र जंगलातून चालले, अस्वल आलं, एक झाडावर चढला, दुसरा श्वास रोखून मेल्याचं सोंग घेऊन पडला, अस्वलानं त्याचा कान हुंगला आणि निघून गेलं. ही गोष्ट माहीत नाही असा माणूस या सभागृहात असेल तर त्यानं हात वर करावा. नाही ना! या गोष्टीशी माझं जुनं वैर आहे. त्यात मी काम केलंय.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट नाटुकली म्हणून बसवली होती. आता ही सांगली, इथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. इथल्या पोराला नाटकात घेतलं नाही तर आई-वडील शाळेत येऊन भांडतात. अस्वलाची भूमिका कुणाला द्यायची यावर बाईंनी फार विचार केला नाही. वर्गात एकदा नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. (हशा) तुम्हाला आत्ता जो देह दिसतोय तो पूर्वीही असाच होता. वेशभूषा म्हणून जतकडची एक काळी घोंगडी आणली होती. ज्यांनी खरी घोंगडी पांघरली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. बाहेरून ऊब, आतून कुसळं. त्यात तिला मेंढरांचा वास. तोंडाला काजळ. झाड म्हणजे गवंड्याची शिडी, तिला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या.

पडदा उघडला. एक मित्र शिडीवर चढला, दुसरा पडला. मी चार पायांवर आलो, बाईंनी शिकवल्याप्रमाणं गोल फिरलो आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. आता त्या घोंगडीची दशी त्याच्या मानेला लागली. पोरगा हसायला लागला. आधी पोट हललं, मग खुसखुस, मग सरळ फिदीफिदी. सभागृह हसतंय, शिडीवरचा मित्र हसतोय, शिडी हलतेय. मी विचार केला, गोष्टीप्रमाणं अस्वल मेलेल्याला सोडून जातं. पण हा तर जिवंत आहे, हसतोय. मग अस्वलानं काय करायला पाहिजे? मी डरकाळी फोडून त्याच्यावर झेप घेतली. शिडीवरचा मित्र घाबरून डहाळ्यांसकट खाली आला, तो आमच्या दोघांच्या अंगावर. पडदा पाडला.

विंगेत बाईंनी कान धरला. "अस्वल मेलेल्याला खात नाही, एवढी साधी गोष्ट कळत नाही का?" मी म्हटलं, "बाई, पण तो हसत होता." माझ्या प्राणिशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात तिथं झाली असं मी मानतो, कारण पुढं वाचायला लागल्यावर कळलं की मुळात बाईंचंही बरोबर नव्हतं आणि इसापाचंही. तपकिरी अस्वल मेलेलं खुशाल खातं. बर्फाखाली दबलेलं जनावर वसंतात उकरून खाणं हा त्याचा नेहमीचा उद्योग आहे. झाडाचं म्हणाल, तर ग्रीसमधलं मोठं तपकिरी अस्वल झाडावर चढण्यात जरा कच्चं असतं, तेवढं इसापाचं चालवून घेऊ. पण आपलं अस्वल पोळ्यासाठी आणि फळांसाठी सरळ झाडावर चढतं. म्हणजे चांदोलीत गोष्टीतला पहिला मित्र शहाणा ठरणार नाही. राहता राहिलं कानात बोलणं. 'संकटात सोडून जाणाऱ्या मित्रावर विश्वास ठेवू नकोस' असा सल्ला म्हणे अस्वलानं दिला. इतक्या जवळ आलेलं अस्वल सल्ला देत नाही, एवढंच सांगतो.

त्या नाटकाचं शेपूट राहिलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, "तुमच्या बाईंपेक्षा तूच बरोबर केलंस. अस्वल गुदगुल्या करूनच मारतंय." आजीचा ठाम समज होता की अस्वल माणसाला धरतं, गुदगुल्या करतं आणि माणूस हसून हसून मरतो. तुमच्याही आज्यांचा असणार. आपण अजून 'अस्वली गुदगुल्या' म्हणतोच. ज्यांनी विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, बुलडाणा भागांत अस्वलानं फाडलेली माणसं पाहिली आहेत, ते हे ऐकून हसत नाहीत. अस्वल मागच्या पायांवर उठतं आणि त्याचे पंजे थेट माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतात. नखं तीन-चार इंच. गाल, ओठ, डोळा, डोक्याची कातडी. बहुतेक माणसं वाचतात, पण आरशात बघायला धजत नाहीत. सकाळी मोहाची फुलं वेचायला नाहीतर मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं असतात ही. सगळी गरीब.

आणि गुदगुल्यांचा विषय निघाला की मला दरवेशी आठवतो. गावभागात, खणभागात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांनी पाहिला असेल. डमरू वाजवत यायचा, मागं दोरीला अस्वल. आया पोरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, भीती जाते म्हणून. दरवेशी अस्वलाचा एक केस उपटून द्यायचा, तो ताईतात घालून गळ्यात. माझ्याही गळ्यात होता. अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, डुलायचं, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

ते डुलणं म्हणजे काय होतं ते मला फार उशिरा समजलं. पिल्लू काही महिन्यांचं असताना त्याची आई मारून ते पकडलेलं असायचं. तापवलेल्या सळईनं त्याच्या मुस्कटाला आरपार भोक पाडायचं, भूल वगैरे काही नाही, आणि त्यातून दोरी ओवायची. सुळे फोडून टाकायचे. दोरीला हिसका बसला की जखम दुखते, म्हणून अस्वल वर उठतं. त्याला आम्ही नाच म्हणत होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा धंदा बेकायदा ठरला. पण कायदा झाला म्हणून दोरी सुटत नाही. दोरी धरणारा कलंदर समाजही पिढ्यान्‌पिढ्या याच एका कामावर जगत होता, त्याला दुसरं काय देणार? विसाव्या शतकाच्या शेवटी काही संस्थांनी हे काम दोन्ही बाजूंनी हाती घेतलं. आग्र्याजवळ अस्वलांसाठी केंद्र उभं राहिलं, कलंदरांना दुसरा व्यवसाय सुरू करायला मदत मिळाली, त्यांची मुलं शाळेत जायला लागली. सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली गेली आणि डिसेंबर २००९ मध्ये राजू नावाचं अस्वल आलं, ते देशातल्या रस्त्यांवरचं शेवटचं नाचणारं अस्वल मानतात. २००९ म्हणजे काही शिवकाल नव्हे, मंडळी. तुमच्या खिशात मोबाइल होता तेव्हा.

आता एक विचार. आपल्याकडं अस्वलाची गोष्ट नव्हती म्हणून इसाप आणावा लागला का? जांबवंत कोण होता मग? समुद्रकाठी सगळे हातपाय गाळून बसले असताना हनुमंताला त्याच्या बळाची आठवण करून देणारा म्हातारा अस्वलच ना! आणि गणपतीच्या गावात मी स्यमंतक मण्याची कथा काय सांगायची? चतुर्थीला चंद्र पाहिला की खोटा आळ, आणि तो घालवायला ही कथा. सिंहानं प्रसेनाला मारलं, जांबवंतानं सिंहाला मारलं, मणी गुहेत नेला आणि लेकराला खेळायला दिला. कृष्ण गुहेत शिरला. भागवतात म्हटलंय, २८ दिवस झुंज चालली.

आता प्राणिशास्त्राच्या डोळ्यांनी बघा. अस्वल गुहेत राहतं. आत लेकरू आहे. कुणीतरी न सांगता आत येतं. अस्वल पळत नाही, झाडावर चढत नाही, बोलणी करत नाही, सरळ भिडतं, आणि समोर प्रत्यक्ष कृष्ण असला तरी लवकर मागं हटत नाही. आमच्या पुराणकारानं आपलं अस्वल पाहिलेलं होतं असा माझा दावा आहे. इसापानं तेवढं लक्ष दिलं नाही...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं. पुढं प्रश्नोत्तरं व भडंग-चहा.' भडंग म्हटल्यावर तुमचं लक्ष माझ्याकडं राहणार नाही, तेव्हा मूळ विषय आता झरझर सांगतो.

पहिली वाळवी. अस्वलाच्या बाकी जातींना सर्वसाधारणपणे ४२ दात, आपल्या अस्वलाला ४०. वरच्या जबड्यातले समोरचे मधले दोन दात येतच नाहीत. टाळू खोलगट, ओठ लांब, बिनकेसांचे आणि पुढं काढता येणारे, नाकपुड्या हव्या तेव्हा बंद होतात. आता हे सगळं वारुळासमोर उभं करा. सिमेंटसारखी घट्ट झालेली माती ते त्या लांब नखांनी फोडतं, फुंकर मारून धूळ उडवतं, नाकपुड्या मिटतं, ओठांची नळी करतं आणि दातांच्या फटीतून, आपण उसाचा रस ओढतो तशी, वाळवी आत ओढतं. तो आवाज शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो. ते दात पडलेले नाहीत, वाटेत येत होते म्हणून उत्क्रांतीत गेले. युरोपीय शास्त्रज्ञांना याचा नमुना पहिल्यांदा मिळाला तेव्हा ती नखं आणि दातांची फट बघून त्यांनी १७९१ मध्ये त्याला अस्वलांत न घालता दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या आळशी प्राण्यांत घातलं होतं. अंगावर लोळणारे केस आहेत, पण थंड देशातल्या अस्वलाला त्याखाली जो दाट लोकरीचा थर असतो तो याला नाही, आणि पोटाकडचे केस विरळ. उकाड्यात हिंडायचं आहे ना! वाळवीखेरीज मुंग्या, मध, उंबर, बोरं, जांभळं, मोहाची फुलं, बहाव्याच्या शेंगा. विष्ठेतून बी लांबवर पडतं आणि रुजतं. हा विषय खरं तर स्वतंत्र व्याख्यानाचा होता, असो.

आता वाघ. नर अस्वल शंभर-सव्वाशे किलोचं, मादी त्याहून लहान. दोन-तीन वर्षांतून एकदा, हिवाळ्यात, गुहेत किंवा खडकांच्या कपारीत एक-दोन पिल्लं. ती बाहेर पडली की आईच्या पाठीवर बसून हिंडतात, त्या लांब केसांना धरून. असं नेहमीच्या सवयीनं पिल्लं पाठीवर वाहणारं अस्वल जगात हे एकच. अमेरिकेतली काळी मादी धोका दिसला की पिल्लांना झाडावर पिटाळते. तिथं ते पुरतं. आपल्याकडं झाडावर बिबट्या येतो आणि वाघही थोडंफार चढतो. शिवाय आपलं अस्वल उघड्या माळावर, खुरट्या रानात चरतं, तिथं प्रत्येक वेळी चढण्याजोगं झाड कुठलं? पळावं, तर वाघापुढं पळून कोण सुटलंय? मग उरतं एकच. आधीच अंगावर जायचं, मागच्या पायांवर उठून, प्रचंड आरडाओरडा करत, वाघाला हिशेब करायला वेळ न देता. २०१८ मध्ये ताडोबात पाण्याजवळ वाघ आणि पिल्लाची आई यांची झुंज पर्यटकांनी चित्रित केली, ती तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. वाघानं तिला खाली दाबलं होतं, तरी शेवटी तिनंच त्याला पिटाळलं. हजारो पिढ्या वाघाशेजारी राहून हा स्वभाव पक्का झाला, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. यावर हुशार माणूस विचारेल, श्रीलंकेत वाघ नाही, तरी तिथली अस्वलं माणसावर का धावून जातात? बिबट्या तिथं आहे, आणि ती अस्वलं मुळात आपल्याकडूनच गेलेली. स्वभाव इतक्या लवकर जात नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटतं, तुम्हाला वाटेलच असं नाही.

म्हणजे बेसावध अस्वलासमोर तुम्ही दहा पावलांवर अचानक उभे राहिलात तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही वाघ आहात. ते तुम्हाला खायला येत नाही. घाबरून येतं. यातूनच काय करायचं ते निघतं. रानात एकटं जाऊ नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नकोच, आणि चालताना मोठ्यानं बोलत चला. सांगलीकरांना हे शिकवावं लागणार नाही. (हशा) कपारीत, गुहेत डोकावून बघायची हौस नको, विशेषतः हिवाळ्यात. दुरून दिसलं तर पळू नका, त्याच्याकडं बघत हळूहळू मागं सरका. आणि अंगावर आलंच, तर पालथे पडा, तोंड मातीत, दोन्ही हात मानेवर, आणि हलू नका. धोका संपला असं वाटलं की ते बहुधा निघून जातं. हो, हो, तिथं इसापाचा दुसरा मित्र थोडासा बरोबर ठरतो, मला मान्य करावं लागतं. पण तो आमच्या नाटकात उताणा पडला होता आणि तोंड उघडं टाकून हसत होता, ते चालणार नाही.

निवासाचं दोन वाक्यांत. कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्यं १९८५ ची, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. विदर्भाच्या मानानं इथं अस्वल कमी, आणि दिसतं त्याहून कमी. बिबट्या शिराळा-वाळव्याच्या उसात मुक्कामाला आला म्हणून रोज पेपरात येतो. अस्वलाला उसात काही काम नाही, त्याला कपारी, वारुळं आणि फळझाडं असलेलं रान लागतं. तुम्हाला तिथं फोडलेलं वारूळ दिसेल, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसतील, जूनमध्ये जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसेल. तेवढ्यावर समाधान माना.

डॉक्टर मंडळींना एक राहिलं. अस्वलाच्या पित्ताशयासाठी अजून चोरटी शिकार होते, कारण त्या पित्तात पित्तखडे विरघळवणारं आम्ल असतं. तेच आम्ल आता कारखान्यात बनतं आणि तुम्ही रोज त्याच्या गोळ्या लिहून देता. तेव्हा कुणी रोगी 'अस्सल' औषधाच्या नावाखाली काही घेऊन आला तर त्याला समजवा आणि वनखात्यालाही कळवा. हा प्राणी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर, हे बऱ्याच जणांनी मघाशी विचारलं, हंपीला जाताच तुम्ही. तिथून जवळच दरोजी आहे, खास या अस्वलांसाठी १९९४ मध्ये केलेलं अभयारण्य. दुपारनंतर जायचं. वनखात्याची माणसं समोरच्या खडकांवर गुळाचा लेप लावून ठेवतात आणि ऊन कललं की अस्वलं गुहांतून उतरून तो चाटायला येतात, मनोऱ्यावरून सगळं दिसतं. जंगली जनावराला असा गूळ लावून बोलवावं हे मला फारसं पटत नाही, तिथल्या माणसाशी मी त्यावर वादही घातला. पण पाठीवर दोन पिल्लं घेऊन उतरणारी आई मी तिथंच पाहिली, तेव्हा फार बोलत नाही. दुर्बीण न्या, पाणी न्या, मनोऱ्यावर सावली थोडी आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतल्या काकांनी केव्हाचा हात वर केलाय.